हवाई दलात शिकायचं पहिलं विमान पुन्हा पुन्हा का बदललं?

प्रतापनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, एनसीसीच्या एअर विंगमध्ये, आणि सध्या एएफकॅटच्या, म्हणजे हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला लागलेला. त्यांचे दीर हवाई दलातून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं असं की, "आमच्या वेळी पोरं दीपकवर शिकायची, आमच्या आधीची एचटी-टू वर. आता थेट सातशे हॉर्सपॉवरच्या विमानात बसवतात आणि म्हणे तेही बदलणार. कशाचा कशाला मेळ नाही." ताईंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढे बदल का झाले? आजची पद्धत मुलासाठी सुरक्षित आहे का? आणि निवडीआधी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर फ्लाइंग क्लबात पैसे भरून काही तास उडवून घ्यावेत का?

ताई, मी हवाई दलात उड्डाण प्रशिक्षक होतो. नवख्या पोरांना पहिल्या सोलोपर्यंत, म्हणजे एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणापर्यंत, नेणं हेच माझं बराच काळ काम होतं, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. तुमच्या दिरांना जो गोंधळ वाटतो तो मला तसा वाटत नाही. विमानं बदलली, शाळांच्या जागा बदलल्या, तास कमीजास्त झाले, पण प्रत्येक वेळी वाद एकाच गोष्टीवर होता: पहिल्या विमानाने करायचं काय? पोराला उडायला शिकवायचं, की याला पुढे उडता येईल का हे कमी खर्चात लवकर ओळखायचं? पहिल्या हेतूला भक्कम, थोडं अवघड, पुढच्या विमानाशी नातं सांगणारं विमान लागतं. दुसऱ्याला साधं आणि स्वस्त चालतं. एकाच विमानाकडून दोन्ही कामं करून घ्यायची खटपट गेली शंभर वर्षं जगभर चालू आहे.

सुरुवात ब्रिटनमध्ये झाली, ती सांगितल्याशिवाय आपलं काही कळणार नाही. पहिल्या महायुद्धात तिथे शिकतानाच फार पोरं मरत होती. १९१७ मध्ये मेजर रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी गॉस्पोर्टला वेगळी शाळा काढली. ॲव्रो ५०४ विमानात दोघांकडेही पूर्ण कंट्रोल, विद्यार्थी वैमानिकाच्या जागेवर, आणि प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोचवणारी रबरी नळी. त्यांनी आणखी एक धाडस केलं. ज्या स्पिनला, म्हणजे विमान गरगरत खाली येण्याला, सगळे घाबरायचे, त्या स्पिनमध्ये विमान मुद्दाम घालायचं आणि त्यातून बाहेर कसं काढायचं ते विद्यार्थ्याच्याच हातून करून घ्यायचं. आज दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत प्रशिक्षक हवेत जे ठरावीक शब्दांत बोलत बोलत दाखवतो, त्याची मुळं तिथे आहेत.

आपलं हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झालं तेव्हा वैमानिक घडवायची सोय इथे नव्हतीच. सुब्रतो मुखर्जी आणि त्यांच्याबरोबरचे पहिले भारतीय वैमानिक इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला शिकले. दुसरं महायुद्ध आलं आणि मूठभर माणसांची ही पद्धत पुरेना. सुरुवातीला राखीव दलात घेतलेल्यांना देशातल्या फ्लाइंग क्लबांमध्येच प्राथमिक उड्डाण दिलं गेलं. मग रीतसर पायऱ्या पाडल्या: आधी जमिनीवरचं शिक्षण, त्यानंतर बेगमपेठ आणि जोधपूर इथल्या प्राथमिक शाळांत टायगर मॉथ, आणि त्यातून निभावले की अंबाल्याला हार्ट, हार्वर्डसारखी मोठी विमानं. प्राथमिक शाळा वेगळी आणि पुढची शाळा वेगळी, ही रचना आपल्याकडे युद्धाच्या घाईतून आली आणि थोड्याफार फरकाने आजही तीच चालू आहे.

टायगर मॉथ म्हणजे १३० हॉर्सपॉवरचं, कापडी पंखांचं, उघड्या कॉकपिटचं विमान. उडवायला सोपं, पण नीट उडवायला कठीण. रडरवर, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या पायपट्ट्यांवर, पाय जरा आळसावले की नाक भरकटायचं आणि तोंडावर आडवा वारा लागायचा. चूक झाल्याचं गालाला कळायचं, कुणी सांगावं लागत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर शाळा अंबाला, जोधपूर, बेगमपेठ, अलाहाबाद अशा वेगवेगळ्या ठिकाणी चालत राहिल्या. या काळातल्या दोन घटना मला जागांच्या बदलापेक्षा कितीतरी मोठ्या वाटतात. पहिली म्हणजे १९४८ मध्ये प्रशिक्षकांची वेगळी शाळा सुरू झाली. ती आधी अंबाल्याला होती, १९५४ मध्ये चेन्नईजवळ तांबरमला गेली. चांगला वैमानिक आपोआप चांगला शिक्षक होतो हा समज तिथे मोडीत निघाला. तांबरमला अनुभवी वैमानिकाला पुन्हा विद्यार्थी करतात. जे हात आपोआप करतात ते तोंडाने, त्याच क्षणी, मोजक्या शब्दांत सांगायला लावतात. हे फार जड जातं. लँडिंगच्या शेवटच्या चार सेकंदांत काय बघायचं, कधी बघायचं, स्टिक (विमान वळवायचा, नाक वरखाली करायचा दांडा) किती मागे घ्यायची, हे विमान खाली येत असतानाच बोलून दाखवायचं असतं, आणि बोलण्याच्या नादात विमान आपटूनही चालत नाही.

दुसरी घटना एचटी-टू. हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हे विमान तयार झालं आणि ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. भारतात आरेखन होऊन बनलेलं हे पहिलं शक्तिचलित विमान, आणि ते लढाऊ नव्हतं, शिकाऊ होतं. या निवडीबद्दल मला आजही त्या पिढीचा आदर वाटतो. सर्वांगी धातूचं, १५५ हॉर्सपॉवरचं, एकामागे एक दोन आसनांचं, शेपटीखाली चाक असलेलं. शेपटीला चाक असलं की उतरताना तिरपं जमिनीला लागून भागत नाही, मागचा भाग पुढे यायला बघतो आणि विमान गरकन फिरतं. त्यामुळे एचटी-टू वर शिकलेल्या माणसाचे पाय आयुष्यभर जागे राहिले. तुमच्या दिरांनी त्या पिढीचे सीनिअर बघितले असतील, तर मी काय म्हणतोय ते त्यांना लगेच कळेल.

१९६२ च्या युद्धानंतर दल वाढवायचं ठरलं आणि वैमानिकांची गरज एकदम वाढली. १९६३ मध्ये बिदरला प्राथमिक शाळा उभी राहिली. हैदराबादजवळ दुंडीगलला हवाई दल अकादमीची पायाभरणी ऑक्टोबर १९६७ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या हस्ते झाली आणि १९७१ मध्ये तिचं काम सुरू झालं. विखुरलेलं शिक्षण हैदराबाद-बिदरच्या पट्ट्यात आलं.

आता वरून येणारा दबाव बघा. १९६३ मध्येच मिग-२१ आलं. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान, फायनलवर, म्हणजे उतरायला धावपट्टीकडे सरळ येतानासुद्धा, ताशी ३०० किलोमीटरच्या वर. वरच्या टोकाला असं विमान आलं की त्याचा ताण पायऱ्यापायऱ्यांनी थेट खालच्या पहिल्या विमानापर्यंत पोचतो. तेव्हा जगभर एक विचार जोरात होता: शेवटी जेटच उडवायचं, तर पंख्याच्या विमानावर वेळ कशाला घालवायचा? ब्रिटनने १९५५ मध्ये हल्लॅव्हिंग्टनला जेट प्रोव्होस्टवर पहिल्या तासापासून जेट शिकवण्याचा प्रयोग केला आणि मग ती पद्धतच केली. अमेरिकेनेही टी-३७ जेटपासूनच सुरुवात करायची असं ठरवलं. दोन्हीकडे पोरं शिकली, उत्तम शिकली. पण ज्यांना जमणारच नव्हतं तीही महागड्या जेटवर बसून मग गळायला लागली. थोड्याच वर्षांत ब्रिटनने चाचपणीसाठी चिपमंक हे साधं पंख्याचं विमान परत आणलं आणि अमेरिकेने साठच्या दशकाच्या मध्याला सेसनाचं तसंच छोटं टी-४१ घेतलं.

आपण पूर्ण जेटच्या वाटेला गेलो नाही. एचटी-टू पहिल्या पायरीवर ठेवलं आणि दुसऱ्या पायरीवर घाटगेंच्याच हाताखाली तयार झालेलं किरण हे जेट आणलं. ते सप्टेंबर १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि साठच्या दशकाच्या अखेरीस प्रशिक्षणात आलं. माझ्या मते आपल्या प्रशिक्षणाच्या इतिहासातली ही सर्वात समंजस जोडी. एकात पाय आणि नजर तयार व्हायची, दुसऱ्यात वेग आणि उंची अंगवळणी पडायची.

फट राहिली ती किरण आणि मिग यांच्या मधोमध. पोलंडची इस्क्रा ही शिकाऊ जेट घेतली, हंटर या लढाऊ विमानावर शिकवलं, तेजपूरला मिगसाठी वेगळं युनिट चालवलं. १९८२ मध्ये एअर मार्शल ला फॉन्तेन यांच्या समितीने प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्यावं अशी शिफारस केली. तसं विमान म्हणजे ब्रिटिश हॉक. त्याचा करार झाला मार्च २००४ मध्ये आणि विमान बिदरला दाखल झालं २००८ मध्ये. शिफारशीपासून पंचवीसहून अधिक वर्षं. या मधल्या काळात मिगवर जे तरुण गेले, त्यांची नावं माझ्या वयाच्या प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ आहेत. वरची फट बुजवायला एवढा उशीर झाला की सगळं लक्ष, सगळी चर्चा तिकडेच राहिली आणि खालच्या पायरीकडे पुरेसं पाहिलं गेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

ती खालची पायरी म्हणजे एचपीटी-३२ दीपक. जानेवारी १९७७ मध्ये पहिलं उड्डाण, ऐंशीच्या दशकात एचटी-टू च्या जागी. २६० हॉर्सपॉवरचं इंजिन, न मिटणारी चाकं, आणि शेजारी शेजारी दोन आसनं.

या शेजारच्या आसनांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेर कुणी हे बोलत नाही. दीपकमध्ये पोरगं माझ्या डावीकडे बसायचं. मला त्याची नजर दिसायची. फायनलवर येताना ती बाहेर धावपट्टीवर आहे की वेगाच्या काट्यावर चिकटली आहे, ते मी मान न वळवता बघू शकायचो. स्टिकवर बोटांची पेरं पांढरी पडली की समजायचं, याने विमान आवळून धरलंय, आता हे वरखाली डोलणार. मग मी फक्त म्हणायचो, "दोन बोटांनी धर." त्याच्या खांद्यातला ताण उतरलेला दिसायचा आणि विमान आपोआप स्थिर व्हायचं. मागेपुढे आसनं असलेल्या विमानात मला फक्त हेल्मेटचा मागचा भाग दिसतो. तिथे पोराच्या मनात काय चाललंय हे स्टिकच्या हालचालीवरून, श्वासाच्या आवाजावरून, बोलायला लागणाऱ्या वेळावरून ओळखावं लागतं. पण दुसरी बाजूही खरी आहे. मागेपुढे बसल्यावर पोराला शेजारचा आधार उरत नाही, समोरचं आभाळ त्याचं एकट्याचं असतं आणि पुढे लढाऊ विमानात तसंच असणार आहे.

शिकवायला दीपक वाईट नव्हतं. इंजिन मात्र हवेत बंद पडायचं, आणि बंद पडल्यावर ते फार लांब तरंगत जात नसे. उंची कमी असेल तर शेत निवडायलाही पुरेसा वेळ मिळत नसे. त्यात इजेक्शन सीट, म्हणजे वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, नव्हती. या विमानाचे १७ अपघात झाले आणि १९ वैमानिक गेले. ३१ जुलै २००९ ला मेदक जिल्ह्यात दोन अनुभवी प्रशिक्षक गेले आणि त्यानंतर दीपक जमिनीवर आलं ते कायमचं.

अशी वेळ आपल्यावरच आली असं नाही. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत फायरफ्लाय नावाचं शिकाऊ विमान होतं, टी-३. तीन अपघातांत सहा जण गेले, इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी होत्या, आणि १९९७ मध्ये ते थांबवलं गेलं. पुढे तिथे चाचपणीचं काम नागरी कंत्राटदारांकडे गेलं. तेच फायरफ्लाय ब्रिटनमध्ये १९९३ पासून तिन्ही दलांच्या एकत्र प्राथमिक शाळेत चाललं. ती एकत्र शाळाही २००३ मध्ये मोडली, पुन्हा दलं वेगळी शिकवू लागली, आणि आता पुन्हा एकत्र, कंत्राटावर, टर्बोप्रॉप (जेटच्या जातीच्या इंजिनाने पंखा फिरवणाऱ्या) विमानावर शिकवतात. बदलांची ही ये-जा बघितली की तुमच्या दिरांना थोडा धीर येईल.

दीपक थांबलं तेव्हा आपल्याकडे पर्यायी विमान तयार नव्हतं. कॅडेट तर येतच होते. मग पहिली पायरीही किरणवरच भागवायची असं ठरलं. म्हणजे पन्नाशीच्या दशकातला पूर्ण जेटचा प्रयोग आपण २००९ मध्ये नाइलाजाने केला, तोही म्हाताऱ्या होत चाललेल्या किरणवर. किरण थोडी, तास कमी, आणि दोन पायऱ्यांचं काम एकाच विमानावर. ज्यांनी त्या चार वर्षांत शिकवलं त्या प्रशिक्षकांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण ती वेळ यायला नको होती, हे मी कुठेही, कुणासमोरही सांगेन.

मे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ७५ पिलॅटस पीसी-७ मार्क टू विमानांचा करार झाला, सुमारे २,९०० कोटी रुपयांचा. फेब्रुवारी २०१३ पासून विमानं यायला लागली, ३१ मे ला दुंडीगलला ती रीतसर दाखल झाली आणि जुलैत पहिला कोर्स त्यांच्यावर उडायला लागला. एवढ्या झपाट्याने प्राथमिक प्रशिक्षण बदललेलं मी दुसरं पाहिलं नाही. हे विमान ७०० हॉर्सपॉवरच्या टर्बोप्रॉप इंजिनाचं. चाकं मिटतात, आसनं मागेपुढे आहेत, दोन्ही आसनं इजेक्शनची, कॉकपिटमध्ये एसी, आणि काट्यांच्या जागी स्क्रीन.

दिरांची शंका इथे आहे: नवख्याला एवढी ताकद कशाला? तर टर्बोप्रॉपचं थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा) पुढे केलं की पंख्याच्या ताकदीने नाक डावीकडे ओढतं. उजवा पाय वेळेवर आणि मोजून दाबावा लागतो. एचटी-टू ने जे शेपटीच्या चाकावर शिकवलं ते हे विमान थ्रॉटलवर शिकवतं. शिवाय जेटला लागणारा वेग, उंची आणि विचारांची घाई याच्यावर लवकर येते, म्हणून दुसऱ्या पायरीवरच्या विमानाचं काही काम पहिल्याच पायरीवर उरकता येतं. हल्लीची मांडणी अशीच सरकत चालली आहे: पहिली पायरी जड, मधली हलकी. त्याला आणखी एक कारण आहे. किरणच्या जागी यायचं सितारा मार्च २००३ मध्ये उडालं खरं, पण स्पिनमधल्या अडचणींनी वर्षानुवर्षं अडकून पडलं. मधली पायरीच डळमळीत असेल तर खालची भक्कम करण्यावाचून गत्यंतर नसतं.

आणि आता एचटीटी-४०. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं (एचएएल) हे शिकाऊ विमान ३१ मे २०१६ ला पहिल्यांदा उडालं. हवाई दलाला तेव्हा आणखी पिलॅटस हवी होती, एचएएलला स्वतःचं विमान करायचं होतं, आणि हा वाद चांगलाच तापला होता. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी देशी विमानाच्या बाजूने वजन टाकलं. मला विचाराल तर दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. ज्यांनी दीपकचे अपघात पाहिले त्यांना सिद्ध झालेलं विमान हवं होतं. ज्यांना पुढची चाळीस वर्षं दिसत होती त्यांना सुट्या भागांसाठी परदेशाकडे बघायचं नव्हतं. स्पिनच्या चाचण्या सहा फेऱ्यांपर्यंत झाल्या, मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा सुमारे ६,८०० कोटींचा करार झाला. इंजिन हनीवेलचं, अमेरिकन. ऑक्टोबर २०२५ मध्ये कारखान्यातून निघालेलं पहिलं विमान उडालं आणि त्याच महिन्यात आपल्या नाशिकला या विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन झालं. घाटगेंच्या एचटी-टू नंतर जी दोरी दीपकपाशी तुटली होती ती पुन्हा जोडली जाते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

म्हणजे तुमचा मुलगा निवडला गेला तर तो पिलॅटसवर शिकेल की एचटीटी-४० वर, हे त्याच्या वर्षावर अवलंबून राहील. दोन्ही विमानं एकाच जातकुळीतली आहेत, त्यामुळे शिकण्यात फारसा फरक पडणार नाही. एएफकॅटने गेला तर दुंडीगलला साधारण ६२ आठवडे. पहिली पायरी झाली की लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर अशी विभागणी होते. लढाऊवाले शेवटी बिदरला हॉकवर जातात, हेलिकॉप्टरवाले हाकिमपेठला, मालवाहूवाले येलहंकाला. नौदलाचे वैमानिकही पहिली पायरी दुंडीगललाच करतात.

सुरक्षिततेचं विचारलंत. आईला गोड बोलून फसवणं मला जमणार नाही. ४ डिसेंबर २०२३ ला मेदक जिल्ह्यात तूप्रानजवळ पिलॅटसचा अपघात झाला, प्रशिक्षक आणि कॅडेट दोघेही गेले. धोका शून्य होत नाही. पण दीपकच्या काळाशी तुलना केलीत तर फरक मोठा आहे. टर्बोप्रॉप इंजिन पिस्टन इंजिनापेक्षा कितीतरी भरवशाचं असतं, आणि ते दगा देईलच तर बाहेर पडायला इजेक्शन सीट आहे. कॅडेट हवेत जाण्याआधी तीच कसरत सिम्युलेटरवर करून आलेला असतो.

एक गोष्ट मात्र पुस्तकात कुठे लिहिलेली सापडणार नाही. शिकाऊ वैमानिकाची सुरक्षितता विमानाच्या जातीइतकीच, किंबहुना जास्त, उड्डाणांच्या सातत्यावर असते. पोहायला शिकणारं पोरगं आठ दिवस पाण्यात उतरलं नाही तर पुन्हा गटांगळ्या खातं, तसंच हे. कॅडेट सोलोच्या तोंडावर आलेला असतो, मग पाऊस लागतो किंवा सकाळी लायनीवर विमानंच कमी असतात. आठवड्याने उडतो तेव्हा त्याची जमिनीजवळची नजर गेलेली असते. तो एकतर फार उंचावर विमान थोपवतो किंवा थेट धावपट्टीत घालतो. म्हणून रोज सकाळी किती विमानं उडण्याजोगी उभी आहेत यावर शिक्षणाचा दर्जा ठरतो. आपल्या वायुसेनानगरला मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. प्रशिक्षणाचं मुख्यालय बेंगळुरूला, त्यामुळे नागपुरात उड्डाण शिकवणं कुणाला दिसत नाही. पण विमानं उडती ठेवणारी जी व्यवस्था इथून चालते तिच्याशिवाय दुंडीगलचा एकही कोर्स वेळेवर संपणार नाही. तुमच्या ओळखीत तिथले कुणी असतील तर मुलाला त्यांच्याशी जरूर बोलू द्या. वैमानिकाला हे जितकं लवकर कळेल तितकं बरं.

सोलोचं थोडं सांगतो, कारण मुलाला हेच ऐकायचं असेल. दोन-तीन चांगली सर्किटं, म्हणजे विमानतळाभोवती फेरी मारून उतरणं, झाली की प्रशिक्षक काही न बोलता विमान थांबवायला सांगतो. उतरतो, आणि आपल्या रिकाम्या आसनाचे पट्टे स्वतः घट्ट बांधतो, एकही टोक सुटं राहून स्टिकमध्ये अडकू नये म्हणून. पोरगं वळून बघत असतं. एक माणूस कमी झाल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उचलतं आणि सर्किटची उंची अपेक्षेआधी येते, हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर पोरं तिथेच गोंधळतात. मग प्रशिक्षक धावपट्टीच्या कडेला उभा राहतो. ती काही मिनिटं त्याला पोरापेक्षा जड जातात.

आता सोनेगावचं. ताई, नुसत्या निवडीसाठी फ्लाइंग क्लबात पैसे घालू नका. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीसच्या पाऱ्यात, छोटं विमान कसं सुस्तावतं आणि धावपट्टी कशी जास्त खातं, हा अनुभव मोलाचा असतो, नाकारत नाही. ज्याला नागरी वैमानिक व्हायचंच आहे त्याने अवश्य शिकावं. चालू व्यावसायिक परवाना असलेल्यांना एएफकॅटच्या उड्डाण शाखेसाठी वयाची मर्यादा २४ ऐवजी २६ आहे, एवढा एक फायदाही आहे. पण दहा-वीस तास उडवून आलेला कॅडेट आमच्याकडे सवयी घेऊन येतो. रेडिओवर बोलायची वेगळी पद्धत, फायनलचा वेगळा उतार, पाय ढिले. त्या सोडवण्यात त्याचे सुरुवातीचे तास जातात आणि इतर पोरं पुढे निघून जातात. हवाई दल कोऱ्या पाटीसाठीच रचलेलं आहे.

मुलगा एनसीसीत आहे ना, मग तिथली मायक्रोलाइटची, म्हणजे अगदी छोट्या हलक्या विमानाची, उड्डाणं एकही चुकवू नको म्हणावं. व्हायरस एसडब्ल्यू-८० हे चांगलं विमान आहे, उडवणारे अधिकारी हवाई दलाचे असतात आणि खिशातून काही जात नाही. हवेत मळमळतं का, क्षितिजाकडे बघत राहता येतं का, एवढं त्यातून कळलं तरी पुष्कळ झालं.

पैशाऐवजी दोन गोष्टींवर वेळ घाला. पहिली, शरीराची मापं. क्लास लावण्याआधी घरीच टेप घेऊन बसा. उड्डाण शाखेला उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडी जास्तीत जास्त ६४, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६. कॉकपिटमध्ये रडरपर्यंत पाय पोचावेत आणि इजेक्ट होताना गुडघे सुटावेत म्हणून ही मापं आहेत, त्यात सूट मिळत नाही. डोळ्यांची तपासणीही आत्ताच करून घ्या. वर्षभर अभ्यास करून मेडिकलला हे कळलेली पोरं मी पाहिली आहेत.

दुसरी, वैमानिक कल चाचणी, म्हणजे आता संगणकावर होणारी सीपीएसएस. देहरादून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा निवड मंडळांवर ती घेतात आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की उड्डाण शाखेचं दार बंद. काट्यांवरून विमानाची स्थिती ओळखणं, हातपाय एकाच वेळी वेगवेगळ्या कामाला लावणं, हे त्यात तपासतात. घोकून येणारी ही चाचणी नाही, पण झोप पुरी झालेली आणि सूचना नीट ऐकून घेतलेली पोरं त्यात बरी करतात. सूचना इंग्रजीत आणि भरभर सांगतात. आपल्याकडची पोरं तिथे अडखळतात आणि न समजलेलं विचारायला लाजतात. तुमच्या मुलाला आजपासून एवढंच बजावा की चाचणी सुरू होण्याआधी हात वर करून विचारायचं. विचारलेल्याचे गुण कापत नाहीत.